मानाची आज्ञा

धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 'अभिलेख समन्वय उपकक्ष' या नावाचं एक कार्यालय आहे. तालुक्याचं नाव मुद्दामच देत नाही. एका तालुक्याचं नाव घेतलं की बाकीच्यांना आपलं नाव आधी का घेतलं नाही असा प्रश्न पडतो, आणि तो प्रश्न किती महागात पडतो हेच तर पुढं सांगायचं आहे. तालुक्यातल्या लोकांचे कागद सांभाळणं हे या उपकक्षाचं काम. शेताचे फेरफार, जन्ममृत्यूच्या नोंदी, वारसाचे अर्ज, विहिरीतल्या पाण्याच्या वाटण्या आणि सरकारी नोकरांची सेवापुस्तकं, असं सगळं तिथं नीट बांधून ठेवलेलं होतं. होतं, हा भूतकाळ विचारपूर्वक वापरला आहे.

राघवेंद्र जेवळीकर हे इथले अव्वल कारकून. घराणं तुळजापूरचं, पिढीजात कारकुनीचं. दिवाळीनंतरच्या महिनाअखेरीला ते सेवानिवृत्त व्हायचे होते आणि आयुष्याकडून त्यांची एकच मागणी शिल्लक होती, ती म्हणजे सेवानिवृत्तीचा आदेश. त्यात 'प्रदीर्घ व निष्कलंक सेवेनंतर' असे शब्द असतात. असे आदेश त्यांनी आजवर दुसऱ्यांसाठी ढिगानं लिहिले होते. काहींच्या बाबतीत 'निष्कलंक' लिहिताना पेन अडखळलं होतं, तरी लिहिलं होतं. आता तो शब्द स्वतःच्या नावामागं लागावा, आदेशाला चौकट करून तो तुळजापूरच्या घरी बैठकीत टांगावा, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई यांनी भिंतीत खिळाही मारून ठेवला होता.

जेवळीकरांची ख्याती मात्र वेगळ्याच कारणासाठी होती. नावं कोणत्या क्रमानं घ्यावीत यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात दुसरा नव्हता. कोनशिला असो, सत्काराची पत्रिका असो की व्यासपीठावरच्या खुर्च्या, कोण वर, कोण खाली, कोण मध्ये आणि कोणाला नुसतं 'व इतर मान्यवर' मध्ये ढकलायचं, हे त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता येई. लोक लग्नाच्या पत्रिका छापण्याआधी त्यांना दाखवून नेत. एका गावी त्यांना न विचारता बसथांब्याची कोनशिला बसवली आणि सभापती उपसभापतींच्या खाली गेले. त्या बसथांब्याचं उद्घाटन आजतागायत झालेलं नाही. उद्घाटन न झालेल्या वास्तूत बसणं नियमात नसल्यानं गावकरी थांब्याच्या बाहेर उन्हात उभे राहून बसची वाट बघतात आणि जेवळीकरांची आठवण काढतात.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना 'कागदविरहित जिल्हा' अभियान आलं. उपकक्षातला प्रत्येक कागद यंत्राखाली घालून त्याची छबी संगणकात घेण्यात आली. ही सगळी छब्यांची रास ज्या फोल्डरात ठेवली त्याचं नाव 'तालुका'. मग मूळ कागदांचं काय करायचं, असा प्रश्न उपस्थित झाला. कार्यालय कागदविरहित झालं असून कपाटात कागद असणं ही गंभीर विसंगती आहे, असं वरून कळवण्यात आलं. तेव्हा मूळ कागद रद्दीत काढले. रद्दीवाल्याचा टेम्पो तेरखेड्याकडं गेला, कारण तिथं फटाके वळायला कागद लागतो आणि सरकारी कागद जाड असतो. रद्दीच्या यादीवर 'नष्ट करण्यास हरकत नाही' अशी सही जेवळीकरांचीच होती. यादीत त्यांचं स्वतःचं सेवापुस्तकही होतं. पण छबी घेतलेली असल्यानं त्यांनी निश्चिंत मनानं सही ठोकली.

त्यानंतर जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या संगणकात 'जिल्हा' नावाचा नवा फोल्डर तयार झाला. तालुक्यांतून सगळं तिथं यायचं होतं, म्हणून तो अर्थातच रिकामा होता. पण रिकामा असला तरी जिल्ह्याचा होता. त्याचं रीतसर उद्घाटन झालं. मोठ्या साहेबांनी नारळ वाढवून माऊसला कुंकू लावलं, टाळ्या झाल्या, छायाचित्र निघालं. त्या छायाचित्रात मोठे साहेब, त्यांच्या डाव्या-उजव्या हाताला दर्जानुसार उभे असलेले अधिकारी, आणि अगदी कडेला, चौकटीत मावला तेवढा, जेवळीकरांचा एक कान आला होता. रांग त्यांनीच लावली होती, त्यामुळं कडेला आपण आहोत यात त्यांना काही खटकलं नाही. ते छायाचित्र 'जिल्हा' फोल्डरात ठेवण्यात आलं. फोल्डरात तेवढंच होतं.

मग परिपत्रक आलं. 'तालुका' आणि 'जिल्हा' या दोन फोल्डरांचं तात्काळ समक्रमण करावं, दोहोंत कोणतीही तफावत राहता कामा नये, तफावत आढळल्यास संबंधितांवर जबाबदारी निश्चित केली जाईल.

उपकक्षात संगणकाचं काम हर्षाली बघायची. ती तेर गावची, कंत्राटी, आणि तिचा कंत्राट वाढवायचा कागद उपकक्षप्रमुख रणधीर साळुंके साहेबांच्या टेबलावर काचेखाली बरेच दिवस दिसत होता. संगणकशास्त्र शिकलेली असल्यानं तिचा कार्यालयात दरारा होता आणि दुपारी डबा खाताना ती कोणाचंच ऐकत नसे. समक्रमणासाठी तिनं जी टिपणी सादर केली तीत एकच ओळ होती:

आरसिंक --डिलीट तालुका/ जिल्हा/

जेवळीकरांनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली. मग टिपणीच्या कडेला लाल शाईनं शेरा मारला: 'वरिष्ठ कार्यालयाचा उल्लेख कनिष्ठ कार्यालयानंतर केलेला दिसून येतो. राजशिष्टाचारास धरून नाही. फेरसादर करावे.'

हर्षाली टिपणी हातात घेऊन त्यांच्या टेबलाशी आली.

"भाऊसाहेब, हे पत्र न्हाय. ही आज्ञा हाय, संगणकाला द्यायची. आरसिंक म्हंजी दोन फोल्डर सारखे कर."

"आज्ञा कोण देतं? वरिष्ठ देतात. मग वरिष्ठांचं नाव खाली कसं?"

"आवो, त्याचं आसं आसतं. आधी ज्याचं नाव घ्याल त्यातलं सामान दुसऱ्यात जातं. आन् हा 'डिलीट' जोडला की पहिल्यात जे न्हाय ते दुसऱ्यातनं पुसून काढतंय. म्हंजी दोन्हीकडं हुबेहूब. तफावत ऱ्हात न्हाय."

"तेच तर हवंय. दोन्हीकडं सारखं व्हायचं असेल तर कोण आधी आणि कोण नंतर यानं काय फरक पडतो? नाही ना पडत? मग मानानं घे की."

या युक्तिवादात काहीतरी चुकलेलं आहे हे हर्षालीला कळत होतं, पण ते सांगायला लागलं तर डबा गार झाला असता. तरीही तिनं एकदा प्रयत्न केला.

"भाऊसाहेब, मशिनला मानपान कळत न्हाय."

"म्हणूनच तो आपण कळवायचा असतो," जेवळीकर म्हणाले. "आणि नावांपुढं या तिरक्या रेघा कशाला?"

"रेघ दिली तर घरातलं सामान जातं. न्हाय दिली तर घरासकट जातं."

"राहू दे मग. जिल्ह्याचं घर इथं आणून ठेवायला आपल्याकडं जागा नाही."

प्रकरण साळुंके साहेबांपुढं गेलं. रणधीर साळुंके हा माणूस निर्णय घेण्याच्या विरोधात नव्हता. तो निर्णय दुसऱ्याच्या सहीनं व्हावा एवढंच त्याचं म्हणणं असे. त्यांनी टिपणी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "जेवळीकर, कोनशिलेवर तालुका आधी आणि जिल्हा नंतर कधी बघितलंय का तुम्ही?"

"नाही साहेब. बघितलं असतं तर तिथंच फोडली असती."

"मग झालं."

हर्षालीनं दोन गोष्टी मागितल्या. पहिली, आदेश लेखी द्या. दुसरी, आधी तालीम घेऊ द्या. तालमीत खरं काही होत नाही, नुसतं काय होईल ते पडद्यावर दिसतं, असं तिनं समजावलं. दोन्ही मागण्या मान्य झाल्या. लेखी आदेशात 'जिल्हा' आधी आणि 'तालुका' नंतर, असा क्रम सही-शिक्क्यानिशी मिळाला. तो तिनं पर्समध्ये नीट घडी घालून ठेवला.

तालीम सुरू झाली तशा काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या. धुरपदाबाई अमुक यांचा वारस अर्ज, डिलीट. अमक्या गटाचा फेरफार, डिलीट. सेवापुस्तक जेवळीकर रा., डिलीट. ओळी इतक्या वेगानं वर सरकत होत्या की साळुंके साहेब खूश झाले. कार्यालयात इतकं काम एका वेळी होताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब, ह्यात सगळीकडं डिलीट लिवलंय," हर्षाली म्हणाली.

"ते इंग्रजीत आहे," जेवळीकर म्हणाले. "शासनाची भाषा मराठी. मराठी अनुवाद सादर होईपर्यंत या मजकुराची दखल घेता येत नाही."

अनुवादासाठी तालमीचे सगळे कागद छापून घेण्यात आले, तेव्हा कागदविरहित कार्यालयातलं एक कपाट पुन्हा भरलं. अनुवाद करणारा कोणी सापडला नाही. परिपत्रकाची मुदत संपत आली. शेवटी टिपणीवर नोंद झाली, की तालमीचा अहवाल भरपूर जाडीचा असून त्याबाबत मराठीतून एकही हरकत प्राप्त झालेली नाही, सबब तालीम समाधानकारक समजण्यात यावी. हर्षालीनं काचेखालच्या आपल्या कंत्राटाकडं एकदा पाहिलं. मग स्वतःची एक डिस्क संगणकाला जोडून काहीतरी उतरवून घेतलं. "घरचं काम हाय," असं ती म्हणाली. डिस्क काढून घेतली आणि लेखी आदेशात होती तशी ओळ टंकली.

आरसिंक --डिलीट जिल्हा/ तालुका/

चहा यायच्या आत काम संपलं. दोन्ही फोल्डर ताडून पाहिले. दोन्हीकडं हुबेहूब एकच गोष्ट होती: उद्घाटनाचं छायाचित्र. तफावतीच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं गेलं आणि अहवाल रवाना झाला.

त्या महिन्यात इतर तालुक्यांचे अहवाल फार वाईट आले. कोणाकडं शेकड्यानं तफावत, कोणाकडं हजारानं, कारण त्यांच्या फोल्डरात अजून कागदांच्या छब्या होत्या. शून्य तफावत असलेला तालुका अख्ख्या जिल्ह्यात एकच. मोठ्या साहेबांनी भर बैठकीत विचारलं, की त्यांना जमतं ते तुम्हाला का जमत नाही. दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं, की या उपकक्षाची कार्यपद्धती आदर्श मानून सर्व तालुक्यांनी तंतोतंत तशीच आज्ञा द्यावी. सर्वांनी दिली. दिवाळीच्या आत संपूर्ण जिल्हा एकजीव झाला. कुठल्याही तालुक्याचा कुठलाही फोल्डर उघडावा, आत मोठे साहेब माऊसला कुंकू लावताना दिसत आणि कडेला एक कान असे.

उपकक्षात लोक येत राहिले. त्यांना काय द्यायचं हा प्रश्न नव्हता, कारण देण्यासारखं एकच होतं. धुरपदाबाई वारसाच्या नोंदीची प्रत घ्यायला आल्या, तेव्हा त्यांना छायाचित्राची छापील प्रत देण्यात आली. वर 'सत्यप्रत' असा शिक्का होता.

"हे काय?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"तुमची नोंद, मावशी."

"ह्यात माजं वावर कुठंय?"

"नोंद समक्रमित झालेली आहे. तफावत निरंक."

"निरंक म्हंजी हाय का न्हाय?"

जेवळीकरांनी हा शब्द जन्मभर लिहिला होता, पण असं कोणी कधी विचारलं नव्हतं. "निरंक म्हणजे... दोन्हीकडं सारखंच आहे, मावशी."

धुरपदाबाईंनी कागद डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "ह्यो कान कुणाचा?"

"माझा."

"मग आयका की वो त्या कानानं. मला माजं वावर पायजे, ह्यो कान घिऊन म्या काय करू?"

त्या कागद तिथंच ठेवून गेल्या. जेवळीकरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही, पण त्यांनी प्रत मिळाल्याबद्दल पोचपावतीवर अंगठा मात्र घेऊन ठेवला होता.

पुरस्कार द्यायला मोठे साहेब दिवाळीच्या तोंडावर स्वतः आले. व्यासपीठावरच्या खुर्च्या जेवळीकरांनी लावल्या, कोणाचाही रुसवा झाला नाही. 'शून्य तफावत' अशी अक्षरं कोरलेली ढाल साळुंके साहेबांनी स्वीकारली. बाहेर तेरखेड्याहून आणलेली फटाक्यांची लांबलचक माळ लावली आणि अंगणभर कागदाचे तुकडे उडाले. धूर खाली बसल्यावर जेवळीकरांच्या बुटापाशी एक अर्धवट जळालेला तुकडा येऊन पडला. जाड कागद, जुन्या शाईची वळणदार अक्षरं. त्यावर 'निष्कलं' एवढंच उरलं होतं. अक्षर कोणाचं हे त्यांनी लगेच ओळखलं. पूर्वीच्या एका साहेबांनी त्यांच्या सेवापुस्तकात मारलेला तो शेरा होता. आजूबाजूला टाळ्या चालू होत्या म्हणून त्यांनीही वाजवल्या, आणि मग वाकून तो तुकडा खिशात घातला.

निवृत्तीचं प्रकरण परत आलं ते यानंतर लगेच. सेवापुस्तकाऐवजी छायाचित्र जोडल्याचं आढळून येत असल्याचा त्यावर आक्षेप होता. जेवळीकरांनी सविनय उत्तर पाठवलं, की सदर छायाचित्रात प्रस्तुत कर्मचारी शासकीय कामकाजात उपस्थित असल्याचं स्पष्ट दिसत असून कडेचा कान त्याचाच आहे. उलट टपाली पत्र आलं, की सदर कान अर्जदाराचाच असल्याबाबत सक्षम प्राधिकाऱ्याचा दाखला सादर करावा. असा दाखला कोणी द्यायचा, याबद्दल आरोग्य आणि महसूल या दोन खात्यांत पत्रव्यवहार सुरू झाला. तोवर रुजू झाल्याची नोंद नसल्यानं अर्जदार सेवेत होता असं मानता येणार नाही आणि सेवेत नसलेल्यास निवृत्त करता येणार नाही, असंही सोबत कळवण्यात आलं.

"कान माझाच आहे गं," जेवळीकर घरी ताटावर बसून म्हणाले.

"मला माहीत नाही होय?" चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून त्याच कानात ओरडतेय. तिकडं लिहून कळवू का?"

"तू सक्षम प्राधिकारी नाहीस."

"इतकी वर्षं तुम्हाला सांभाळलं, आणखी काय सक्षम व्हायचं राहिलंय?" त्यांनी त्यांच्या ताटात आमटी वाढली. "अहो, तो खिळा रोज डोळ्यांसमोर येतो. कुठं काही सापडतंय का ते बघा. कोणाच्या हातापाया पडायचं असेल तर पडा, पण त्या खिळ्याला काहीतरी लावा."

सापडलं ते हर्षालीकडं. तिचं कंत्राट पुरस्काराच्या गडबडीत काचेखालीच राहून संपलं होतं, आणि ती अनुभवाचा दाखला न्यायला आली होती. तिलाही छायाचित्रच मिळालं. जेवळीकरांचा उतरलेला चेहरा बघून ती त्यांच्या टेबलाशी टेकली.

"भाऊसाहेब, तुमचं सेवापुस्तक माज्या घरी हाय."

जेवळीकरांनी हातातला चहा बशीसकट बाजूला सारला.

प्रकार असा होता. हर्षालीच्या बहिणीच्या, राजनंदिनीच्या लग्नाचे फोटो घरी संगणक नसल्यानं तिनं उपकक्षाच्या संगणकात, 'तालुका' फोल्डरच्या पोटात ठेवून दिले होते. समक्रमणात ते पुसले जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. हजारो कागदांतून ते वेगळे काढायचा कंटाळा आला, म्हणून तिनं अख्खा तालुका उचलून आपल्या डिस्कवर घेतला आणि त्याला नाव दिलं 'राजनंदिनी-लग्न'. धुरपदाबाईंचं वावर, विहिरींचं पाणी, जन्म, मृत्यू, आणि जेवळीकरांची प्रदीर्घ सेवा, सगळं तेरला तिच्या घरी फडताळात, हळदीच्या फोटोंसोबत सुखरूप होतं.

जेवळीकरांना इतका आनंद झाला की त्यांनी तिला पेढा आणून दिला. मग ते थेट साळुंके साहेबांकडं गेले. साहेबांनाही आनंद झाला. तो त्यांनी लगेच आवरता घेतला.

"आज्ञा कशी द्यायची?" त्यांनी विचारलं.

हर्षालीनं ओळ लिहून दाखवली:

आरसिंक --डिलीट राजनंदिनी-लग्न/ जिल्हा/

जिल्ह्याच्या आधी तालुका चालला नव्हता, आणि इथं तर जिल्ह्याच्या आधी एका कंत्राटी मुलीच्या बहिणीचं लग्न होतं.

"हे मोठ्या साहेबांना दाखवायचं कोणी?" साळुंके साहेब हळूच म्हणाले.

"नाव बदलू की मग," हर्षाली म्हणाली. "मंत्रालय ठिवू. ते तर जिल्ह्याच्या वर हाय ना?"

"अगं, तोतयेगिरी होईल ती," जेवळीकर दचकून म्हणाले. "मंत्रालयाच्या नावानं हळदीचे फोटो? दोघांचीही नोकरी जाईल."

"माजी गेलीच हाय," हर्षाली म्हणाली. "आन् तुमची नव्हतीच म्हणत्यात."

साळुंके साहेबांनी कागदावर एक ओळ लिहिली, 'आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही करावी', आणि ते दौऱ्यावर निघून गेले. दौरा कुठं होता हे ड्रायव्हरलाही सांगितलं नव्हतं. हर्षालीनं दुसऱ्या दिवशी डिस्क आणून संगणकाला जोडली, चिठ्ठीवर ती ओळ मोठ्या अक्षरांत लिहून पडद्याला चिकटवली आणि जेवळीकरांना बजावलं.

"भाऊसाहेब, ही हाय तशी टंका. एक अक्षर इकडचं तिकडं करू नगा. म्या थांबले आसते, पण तेरची बस चुकंल."

ती गेली. कार्यालयात जेवळीकर, संगणक आणि चिठ्ठी उरले. त्यांना काय करायचं आहे हे अगदी स्वच्छ माहीत होतं. एक ओळ टंकायची, एक बटण दाबायचं, की त्यांची सगळी सेवा परत आली. धुरपदाबाईंचं वावर आलं, जिल्ह्याला निदान एक तालुका मिळाला, खिळ्याला आदेश मिळाला. त्यांनी 'आरसिंक' टंकलं, 'डिलीट' टंकलं, आणि पुढं 'राजनंदिनी-लग्न' टंकायला बोट उचललं ते तसंच अधांतरी राहिलं. समोरच्या भिंतीवर शून्य तफावतीची ढाल होती आणि शेजारी मोठ्या साहेबांचं ते छायाचित्र. आयुष्यात त्यांनी कोणाचा मान चुकवला नव्हता. आता, निवृत्तीच्या उंबरठ्यावर, साक्षात जिल्ह्याला लग्नाच्या मागं बसवायचं? त्यांना खरोखरच घाम फुटला. पुसला तरी फुटतच राहिला.

आणि मग त्यांना सुचलं. गावोगावच्या देवळात पहिला नारळ मानकऱ्याचा असतो. तो एकदा फुटला की बाकीच्यांनी आपापले फोडायला मोकळीक असते. देवाचीही हरकत नसते आणि मानकऱ्याचीही. तसंच इथं करायचं. आधी एक आज्ञा मानाची, जिल्ह्याचं नाव पुढं घेऊन. ती एकदा देऊन टाकली की शिष्टाचार पाळला गेला. मग लगेच दुसरी आज्ञा कामाची, हर्षालीच्या चिठ्ठीबरहुकूम. कोणाचा अपमान नाही, कोणाचं नुकसान नाही. इतका साधा तोडगा साळुंके साहेबांना का सुचू नये, याचं त्यांना नवल वाटलं आणि थोडा अभिमानही वाटला. नमस्कार करून त्यांनी मानाची आज्ञा टंकली:

आरसिंक --डिलीट जिल्हा/ राजनंदिनी-लग्न/

पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर धावल्या आणि थांबल्या. ओळी इंग्रजीत असल्यानं त्यांची दखल घेण्याचं कारण नव्हतं. मग त्यांनी चिठ्ठी जवळ ओढून कामाची आज्ञा एकेक अक्षर ताडून टंकली. तीही निर्विघ्न पार पडली. त्यांनी 'जिल्हा' फोल्डर उघडला. आत मोठे साहेब माऊसला कुंकू लावत होते. त्यांनी डिस्क उघडली. तिथंही मोठे साहेब माऊसला कुंकू लावत होते. कडेच्या कानाकडं जेवळीकर बराच वेळ बघत बसले. शिपाई दिवे घालवायला आला तेव्हा त्यांनी त्याला एवढंच सांगितलं, की तफावत निरंक आहे.

संध्याकाळी हर्षालीचा फोन आला. "झालं का, भाऊसाहेब? राजनंदिनी इचारत्येय, लग्नाचे फोटो कवा मिळत्याल?"

त्यांनी होता तो फोटो पाठवून दिला. तो राजनंदिनीच्या सासरी अजून लावलेला आहे म्हणतात, आणि नवरदेव कोणता यावरून पाहुण्यांत अधूनमधून वाद होतात. तुळजापूरच्या घरी चंद्रप्रभाबाईंनी नवऱ्याच्या खिशातला तो जळका तुकडा काढला, त्याला चौकट केली आणि खिळ्याला टांगलं. 'निष्कलं' एवढंच त्यावर आहे. येणारे-जाणारे अर्थ विचारतात, तेव्हा त्या विषय बदलतात आणि आत जाऊन डोळे पुसतात.

जेवळीकर अजून रोज उपकक्षात येतात. सेवेत नसल्यानं त्यांना टेबल नाही आणि निवृत्त नसल्यानं त्यांना येऊ नका असंही म्हणता येत नाही. अंगणातल्या कडुलिंबाखाली त्यांची खुर्ची असते. जिल्ह्यात कोणाच्याही शेताची, घराची, जन्माची नोंद कुठंच उरलेली नाही हे ते येईल त्याला सांगत असतात, कारण आता त्यांना कसलीही भीती उरलेली नाही. त्यांचं ऐकून कार्यालयात आत शिरून ते खरं आहे का हे बघायला मात्र अजून एकही माणूस गेलेला नाही. लिंबाखालची रांग तेवढी मोठी असते.

परवा तुम्हीही येऊन गेलात. हातात पुतणीच्या लग्नाची पत्रिका होती, अजून शाई वाळायची होती. तुमची पाळी आली तेव्हा जेवळीकरांनी तुम्हाला खुर्ची जवळ ओढायला सांगितलं आणि कळकळीनं म्हणाले, "आधी आत जाऊन तुमच्या वावराची नोंद आहे का ते बघून या. तुमची पण गेली असणार." तुम्ही म्हणालात, "ते बघू की सावकाश, भाऊसाहेब. आधी हे सांगा, आमच्या थोरल्यांचं नाव ह्या छापखानेवाल्यांनी व्याह्यांच्या खाली कसं काय घातलं?"